बक्षीस द्यावे, पण कोणाला?

मये गावचा तलाव पाहावयास येणाऱ्या प्रवाशांची वर्दळ आता आपणां सर्वांच्या परिचयाची झाली आहे. कोणी डोंगरांच्या कुशीतील त्या शांत पाण्यावर नाव वल्हवितो. 2019 साली येथे पायांना दोर बांधून उंचावरून उडी घेण्याचा खेळ सुरू झाला, तेव्हापासून साहसाची हौस असलेले तरुणही येऊ लागले. प्रवासी आला की त्याच्यामागून एक प्रश्न हटकून येतो. बक्षीस कोणाला द्यावे, किती द्यावे, आणि कोणी ते घेऊ नये? हा प्रश्न प्रवाशाचा आहे तितकाच, किंबहुना थोडा अधिकच, यजमान गावाचा आहे, असे मला वाटते.

‘बक्षीस’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याच्या मुळाशी दान आणि मेहेरबानी आहे. 1961 पर्यंत येथे ज्यांचे राज्य होते त्या पोर्तुगीजांच्या भाषेत बक्षिसीला ‘गोर्जेता’ म्हणतात, आणि ‘गोर्जा’ म्हणजे घसा! जर्मन व फ्रेंच भाषांतील शब्दांचाही अर्थ ‘पिण्यापुरते पैसे’ असाच होतो. घसा ओला करण्यापुरते नाणे हातावर ठेवावे, यापलीकडे त्यात काही नव्हते. त्या नाण्यावर कोणाची चूल पेटावी, अशी अपेक्षा कोणीच केली नव्हती.

घोटाळा होतो तो येथे. मजुरी ही हक्काची आणि बक्षीस मर्जीचे. मजुरीच मर्जीची झाली, तर काम करणाऱ्याची मान आयुष्यभर खाली राहते. महाराष्ट्रातील बलुतेदारी आठवून पाहा. सुतार, लोहार, न्हावी, परीट यांनी वर्षभर गावाचे काम करावे आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यावा. नावाला तो हक्क; पण सूप भरून द्यावयाचे की अर्धे, हे देणाऱ्याच्या हातात! महारांच्या वाट्याला तर गावकीची कामे रात्रंदिवस आणि मोबदला गावाच्या लहरीवर. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. कामाचा मोबदला निश्चित असावा, तो कृपेवर अवलंबून असू नये, हे त्यामागील तत्त्व होते.

हे सारे इतिहासजमा झाले असे समजू नये. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात बक्षिसी मिळविणाऱ्या नोकराला मालकाने द्यावयाचे किमान वेतन, तेथील केंद्रीय कायद्याप्रमाणे, तासाला अवघे 2.13 डॉलर आहे. 1991 पासून हा आकडा हललेला नाही. उरलेली भरपाई गिऱ्हाइकांच्या बक्षिसीतून व्हावी, असा तो हिशेब. ती कमी पडली तरच फरक मालकाने द्यावयाचा. याउलट जपानात बक्षीस देण्याची रूढीच नाही, आणि म्हणून तेथील आदरातिथ्यात काही उणे पडते असे कोणी म्हणत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. समजा, एखाद्या मोटारीतील गृहस्थाने डिचोलीकडून येताना शाळकरी मुलाला तलावाची वाट विचारली आणि जाताना त्याच्या हातावर दहा रुपयांची नोट ठेवली. गृहस्थाचा हेतू चांगला. पण त्या मुलाने ती नम्रपणे परत करावी, असे माझे ठाम मत आहे. वाट दाखविणे, तहानलेल्याला पाणी देणे, हा गोमंतकातील घरांचा जुना शिष्टाचार आहे. आल्यागेल्याला आधी गूळ-पाणी देणाऱ्या माणसाने त्याचे दाम घ्यावयाचे म्हटले, तर पाहुणा आणि गिऱ्हाईक यांत फरक तो काय उरला? आज एकाने घेतले, तर उद्या दुसरा मोटारीमागे धावेल, आणि परवा शाळा चुकवून धावेल.

मात्र जो राबतो त्याची गोष्ट निराळी. उन्हात नाव ओढून काठाला लावणारा, सामान वर चढवून देणारा, दिवसभर गाडी हाकून रात्री उशिरा घरी पोचविणारा चालक, खाणावळीत ताटे उचलणारा पोरगेला नोकर, यांना प्रवाशाने खुशाल द्यावे. ते त्याच माणसाच्या हातात, काम झाल्यावर आणि गाजावाजा न करता द्यावे. कामापूर्वी दिलेल्या पैशाला बक्षीस म्हणत नाहीत. त्याचे नाव वेगळे आहे आणि ते सर्वांना ठाऊक आहे. चार मित्रांसमोर नोट फडकावून देणाऱ्याला घेणारा सलाम करतो खरा, पण मनातून काय म्हणतो ते त्याला विचारू नये. आणि पैसे न देताही नोकराशी ‘अहो’ म्हणून बोलता येते, हे किती पाहुण्यांच्या ध्यानात असते?

उपाहारगृहाच्या बिलाकडे मात्र डोळसपणे पाहावे. कित्येक ठिकाणी ‘सेवाशुल्क’ म्हणून रक्कम आधीच जोडलेली असते आणि लोक तो सरकारी कर समजून भरतात. तो कर नव्हे. 4 जुलै 2022 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशी रक्कम परस्पर बिलात घालण्यास मनाई केली, आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. ती रक्कम काढून टाका असे सौम्यपणे सांगावे. न ऐकल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक 1915 आहे. वाचलेल्या पैशांतून जे द्यावेसे वाटेल, ते ताट वाढणाऱ्याच्या हातात द्यावे.