खेळातल्या आगगाडीचा खटला

अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारे रॉबर्ट जेकबसन हे प्राध्यापक फावल्या वेळात खेळातल्या आगगाड्या चालवीत. तिकडे हा छंद मोठ्या माणसांचा आहे. तळघरात रूळ मांडायचे, पूल आणि स्थानके उभारायची आणि त्यांवरून हुबेहूब इंजिने धावती ठेवायची, यात माणसे आयुष्यभर रमतात. अलीकडच्या इंजिनांत एक इवलीशी चिप असते. तिला रुळांतूनच संदेश जातो आणि वेग, दिवे, शिटी यांचे नियंत्रण होते. ही चिप संगणकावरून हवी तशी जुळवून घेता यावी म्हणून जेकबसन आणि त्यांच्यासारख्या अनेक हौशी मंडळींनी मिळून एक सॉफ्टवेअर रचले. जेएमआरआय हे त्याचे नाव. ते कोणीही विनामूल्य घ्यावे, त्याची आतली रचना वाचावी, तीत बदल करावा आणि पुढे दुसऱ्याला द्यावे, अशी मोकळीक होती. यालाच मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. अटी साध्या होत्या. रचणाऱ्यांची नावे पुसावयाची नाहीत, मूळ कोठले ते सांगावयाचे आणि आपण काय बदलले त्याची नोंद ठेवावयाची.

या उद्योगास २००५ साली विघ्न आले. ओरेगॉन राज्यात मॅथ्यू कॅट्झर यांची एक कंपनी होती. तीही आगगाड्यांच्या नियंत्रणाचेच सॉफ्टवेअर विकत असे. असे नियंत्रण करण्याच्या पद्धतीवर कॅट्झर यांनी अमेरिकन सरकारकडून पेटंटे मिळविली होती. त्यांच्या वतीने प्राध्यापकांना पत्रे गेली की तुमचे सॉफ्टवेअर आमच्या पेटंटाचा भंग करते, सबब पैसे भरा. मागणीचा आकडा दोन लाख डॉलर्सच्या वर होता. जी वस्तू फुकट वाटली, तिच्या प्रत्येक प्रतीमागे स्वामित्वधन मागण्यात आले होते! पुढे प्राध्यापक ज्या सरकारी प्रयोगशाळेशी संबंधित होते, तिच्या खात्याकडे माहितीच्या कायद्याखाली अर्ज जाऊन त्यांचा पत्रव्यवहारही मागविण्यात आला. हौसेने रूळ मांडणाऱ्या माणसाच्या दारात असा कायदा उभा राहिला.

ही परदेशातील सुखवस्तू मंडळींच्या खेळाची कथा, तिचा श्रमिकांच्या चळवळीशी काय संबंध, असे आमचे काही साथी विचारतील. संबंध आहे, आणि तो समजण्यासाठी आपल्याच खेड्यातील गायरानाकडे पाहावे. गायरान कोणा एकाचे नसते. पिढ्यान्‌पिढ्या गावाची गुरे तेथे चरतात. परंतु सातबाऱ्यावर त्या गुराख्यांचे नाव नसते. कागद पाहणाऱ्याला जमीन मोकळी दिसते, आणि कागद ज्याला कळतो तो एक दिवस तेथे तारेचे कुंपण घालतो. पोटासाठी गायरानात नांगर घालणारा भूमिहीन आणि हा कुंपणवाला यांत आम्ही गल्लत करीत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्यांना तो फरक वेगळा शिकवावा लागू नये. एक जगण्यासाठी जमीन मागतो. दुसरा इतरांच्या वहिवाटीवर टोलनाका बसवितो.

पेटंट कार्यालयातही असेच घडते. परीक्षक जुने कागद तपासतो, आणि त्यांत प्रामुख्याने जुनी पेटंटे आणि छापील साहित्य असते. हौशी मंडळींचे ज्ञान एकमेकांच्या तळघरात, मेळाव्यांत आणि गप्पांत वाढलेले असते. त्याची नोंद होत नाही. आपण मागितलेल्या पद्धती हौशी मंडळींत आधीपासून रूढ होत्या, हेच जेकबसन यांचे कॅट्झर यांच्या पेटंटाविरुद्ध म्हणणे होते. मार्च २००६ मध्ये ते स्वतःच न्यायालयात गेले आणि हे पेटंट अवैध ठरवावे, निदान आपण त्याचा भंग केलेला नाही असे जाहीर करावे, अशी मागणी त्यांनी केली. पहिला फटका त्यांनाच बसला. माहितीच्या अर्जावरून त्यांनी केलेली बदनामीची तक्रार न्यायालयाने काढून टाकली आणि प्रतिपक्षाच्या वकिलाचा खर्च त्यांच्यावर लादला.

मग खटल्याने वेगळेच वळण घेतले. कंपनीच्या एका उत्पादनात जेएमआरआयच्या फायलींतील मजकूर उतरवून घेतला असल्याचे दिसून आले. रचणाऱ्यांची नावे, हक्काची सूचना, मूळ कोठले याचा उल्लेख, सारे गळलेले होते. म्हणजे ज्यांच्याकडून स्वामित्वधन मागितले, त्यांच्याच श्रमाचा माल मागच्या दाराने आत आला होता. जेकबसन यांनी कॉपीराइटच्या भंगाची तक्रार केली आणि ही विक्री थांबवावी असे मागितले. ऑगस्ट २००७ मध्ये खालच्या न्यायालयाने ते नाकारले. परवाना इतका सढळ आहे की त्याच्या अटी मोडणे हा फार तर कराराचा भंग होईल, कॉपीराइटचा नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. करारभंगाची भरपाई सामान्यतः पैशात मोजतात. ज्या वस्तूची किंमत शून्य, तिच्या नुकसानीची भरपाईही शून्य! किंमत नाही म्हणजे मूल्य नाही, हा बाजाराचा जुना भ्रम न्यायालयाच्या दारातून आत येऊ पाहत होता. घरात राबणाऱ्या बाईच्या श्रमाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात जागा नाही, याबद्दल आपण इतकी वर्षे बोलत आलो. तिच्या श्रमाला वेतन नाही म्हणून ते श्रम नव्हेत, असे म्हणणाऱ्याला आपण जे उत्तर देतो, तेच येथेही लागू पडते.

१३ ऑगस्ट २००८ रोजी वॉशिंग्टन येथील फेडरल अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला. परवान्यातील अटी या निव्वळ वचने नसून परवानगीच्या मर्यादा आहेत आणि त्या ओलांडणारा कॉपीराइटचा भंग करतो, असे न्यायालयाने ठरविले. पैशाची देवघेव झाली नाही म्हणून आर्थिक हितसंबंध नाहीत असे मानता येणार नाही, हेही त्याने मान्य केले. काम लोकांपर्यंत पोहोचते, रचणाऱ्यांचा लौकिक वाढतो, आणि अनोळखी माणसे त्यात सुधारणा करून ती परत देतात, हा लाभच आहे. या अपिलात जेकबसन एकटे नव्हते. क्रिएटिव्ह कॉमन्स, लिनक्स फाउंडेशन, विकिमीडिया फाउंडेशन अशा संस्थांनी न्यायालयापुढे आपले निवेदन ठेवले होते. अखेर फेब्रुवारी २०१० मध्ये तडजोड झाली. कॅट्झर यांनी एक लाख डॉलर्स देण्याचे कबूल केले आणि जेएमआरआयचा मजकूर वापरण्यास त्यांना कायमची मनाई झाली.

विजयाचा आनंद आम्हांलाही झाला. परंतु या विजयाचे एक अंग फारसे चर्चिले जात नाही. ज्या पेटंटावरून हा सारा तंटा सुरू झाला, त्याचे काय झाले? २००८ च्या प्रारंभी कॅट्झर यांनी ते पेटंट आपण होऊन सोडून दिले, आणि मग त्याच्या वैधतेचा निर्णय देण्याचे न्यायालयाला कारणच उरले नाही. म्हणजे दोन लाख डॉलर्सची मागणी ज्या कागदाच्या बळावर झाली, तो कागद खरा की खोटा हे कोणत्याही न्यायाधीशाने सांगितलेच नाही. जो भिऊन पैसे भरतो त्याच्याकडून वसुली होते. जो लढतो त्याच्यासमोर कागद मागे घेता येतो. हा जुगार असा आहे की पेटंटवाल्याला हरण्याचे भय थोडे आणि सामान्य माणसाला लढण्याचा खर्च मोठा. प्राध्यापक जवळजवळ चार वर्षे टिकले. नोकरी सांभाळून संध्याकाळी सॉफ्टवेअर रचणारा पुण्याचा अथवा नाशिकचा एखादा तरुण किती महिने टिकेल?

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. शोध लावणाऱ्याला मोबदला नको का? अवश्य हवा. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे लेखन दुसऱ्याने चोरू नये म्हणून कॉपीराइट आहे, आणि जेकबसन यांना तारले ते त्याच कॉपीराइटने. पेटंटाचा स्वभाव निराळा आहे. तुम्ही कोणाचीही एक ओळ न पाहता स्वतःच्या बुद्धीने तीच रीत शोधलीत, तरी पेटंटवाला तुम्हांला अडवू शकतो. नवे औषध बाजारात आणण्यास प्रचंड भांडवल आणि वर्षानुवर्षांच्या चाचण्या लागतात, असे औषध कंपन्या निदान सांगू शकतात. सॉफ्टवेअर घरातल्या टेबलावर तयार होते आणि एकेका रचनेत शेकडो लहानमोठ्या युक्त्या गुंफलेल्या असतात. त्या प्रत्येक युक्तीला मालक लाभला, तर पाऊल टाकण्यापूर्वी ज्याला वकील नेमता येतो असा बडा भांडवलदारच रस्त्यावर चालू शकेल.

भारतात आपण या संकटापासून बऱ्याच अंशी वाचलो, ते आपोआप नव्हे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली दिलेल्या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा झाला आणि औषधाच्या पदार्थावर पेटंट देणे बंद झाले. देशी औषध उद्योग त्यातून उभा राहिला, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. त्याच कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३ चे पोटकलम 'के' आले. गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक-कार्यक्रम यांना पेटंट नाही, असे ते सांगते. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून या पोटकलमाला भोक पाडले. उद्योगातील तांत्रिक वापर असेल अथवा यंत्रसामग्रीशी जोड असेल तर कार्यक्रमालाही पेटंट मिळावे, अशी ती वाट होती. त्या वेळी केंद्रातील सरकार डाव्या पक्षांच्या बाहेरून मिळणाऱ्या पाठिंब्यावर उभे होते. मार्च २००५ मध्ये संसदेने कायदा केला तेव्हा ही दुरुस्ती गळून पडली. त्याच वर्षी ६ जुलै रोजी युरोपीय संसदेने सॉफ्टवेअर पेटंटांचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. लोकांचा दबाव असला म्हणजे कायदा वाकत नाही, याची ही दोन उदाहरणे एकाच वर्षातली आहेत.

परंतु समोरच्या दाराने जे आले नाही ते खिडकीने येऊ पाहते. संसदेत हरलेला प्रस्ताव कार्यालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांतून परत येतो. ऑगस्ट २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने अशी सैल तत्त्वे काढली; मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी व लहान उद्योजकांनी विरोध केल्यावर डिसेंबरात ती स्थगित झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये नवी तत्त्वे आली आणि त्यांत नव्या यंत्रसामग्रीची अट घालण्यात आली. २०१७ साली ती अट पुन्हा काढून टाकली गेली. २०२५ साली आणखी एकदा तत्त्वे बदलली. पोटकलमाचा शब्दही न बदलता 'निव्वळ' या एका विशेषणाचा अर्थ लावण्यावर हा सारा डाव चालला आहे. संसदेतील चर्चा वृत्तपत्रांत येते; मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा वाचतो तो बड्या कंपन्यांचा वकील.

तेव्हा आमची सूचना नेमकी आहे. मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होईल तेव्हा आपल्या शहर शाखांनी संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या तरुण साथींना बरोबर घेऊन लेखी हरकती नोंदवाव्यात. पेटंट कार्यालयाची एक शाखा मुंबईतच, अँटॉप हिलला आहे. तेथे शिष्टमंडळ नेण्यास दिल्लीचे तिकीट लागत नाही. पोटकलम 'के' चा अर्थ संसदेनेच स्पष्ट करावा, ही मागणी आपल्या खासदारांनी सभागृहात लावून धरावी. जनतेच्या पैशातून तयार होणारे सॉफ्टवेअर जनतेला खुले असावे, ही मागणी ग्रामपंचायतीपासून विद्यापीठापर्यंत सर्वत्र करता येईल. मुक्त स्रोतात काम करणाऱ्यांनीही परवान्याच्या अटी क्षुल्लक समजू नयेत. नाव लिहिण्याची ती लहानशी अट होती म्हणूनच जेकबसन यांना न्यायालयात उभे राहण्यास जागा मिळाली.

जेएमआरआय आजही चालू आहे. कोणीही ते घेतो, सुधारतो आणि परत देतो. त्या तळघरातल्या आगगाड्यांचे रूळ एका माणसाच्या चिकाटीने मोकळे राहिले. आपल्याकडचे रूळ मोकळे ठेवण्यासाठी तशा एखाद्या प्राध्यापकाची वाट पाहत बसण्याची गरज नाही. त्यासाठी संघटना आहे, आणि तिने हे काम आपले मानावे.