मनाचे दुखणे शरीर सोसते

रमजानचे दोन आठवडे उलटले की घराघरांत तब्येतीच्या गोष्टी निघतात. कुणाचे पित्त वाढलेले असते, कुणाचे डोके दुपारनंतर ठणकते, कुणी साखर तपासून आलेले असते. सहेरीला दही घ्यावे की दूध, इफ्तारला तळलेले कमी करावे का, यावर दस्तरखानावर चर्चा रंगते. ती व्हायलाच हवी. पण या साऱ्या विचारपुशीत एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मन कसे आहे?

आमच्या मोहल्ल्यात एक खाला आहेत. त्यांचा कमावता मुलगा अपघातात गेला. चाळिसावा होईपर्यंत घर माणसांनी भरलेले होते. खाला रडल्या नाहीत. पाणी देत राहिल्या, आल्या-गेल्याचे बघत राहिल्या. लोक म्हणाले, ‘खाला का सबर देखो!’ पुढे काही महिन्यांनी त्यांची पाठ धरली. मग छातीत धडधड सुरू झाली, झोप गेली, जेवण तुटले. सगळ्या तपासण्या झाल्या, कागदावर फारसे काही निघाले नाही. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले, ‘मुलाबद्दल सांगा.’ खाला अर्धा तास रडल्या. त्या दिवशी त्यांची पाठ बरी झाली नाही. पण दुखते नेमके कुठे, हे कळले.

अशा खाला प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक गल्लीत आहेत. ‘जी घबराता है’, ‘अंगात त्राण नाही’, ‘डोके जड झाले’ हे आपल्या घरांतले रोजचे शब्द. त्यातले अनेक शब्द मनाच्या दुखण्याचे असतात. शरीराच्या तक्रारीसाठी दवाखान्यात जाता येते, मनाच्या तक्रारीसाठी जाता येत नाही. म्हणून मन शरीराचे नाव लावून दवाखान्यात जाते.

मनाचा घाव देहावर उमटतो, ही गोष्ट कुरआनने हजरत याकूब (अ.) यांच्या कथेतून सांगितली आहे. सूरह यूसुफमध्ये लाडका मुलगा हरवलेल्या या पित्याची कहाणी येते. वर्षानुवर्षे आतल्या आत गिळलेल्या दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडले, असे तेथे वर्णन आहे. हजरत याकूब (अ.) पैगंबर होते, त्यांच्या ईमानबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. सुंदर सबर करण्याचा निश्चय त्यांनीच बोलून दाखवला होता. तरीही दुःख त्यांच्या शरीरात उतरले. आपली व्यथा ते अल्लाहपुढे मांडत राहिले. पुढे यूसुफचा सदरा चेहऱ्यावर ठेवला गेला, मुलगा जिवंत असल्याची खूण पटली आणि दृष्टी परत आली.

ज्याला आपण ‘तुझे ईमान कमजोर आहे, म्हणून तू उदास आहेस’ असे सहज ऐकवतो, त्याच्याकडे या कथेनंतर निराळ्या नजरेने पाहावे लागते. सबर म्हणजे मुकाट्याने कुढत राहणे नव्हे. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम त्यांच्यासमोर अखेरचे श्वास घेत होता, तेव्हा त्यांचे डोळे वाहिले. जवळच्या एका सहकाऱ्याला याचे नवल वाटले. तेव्हा पैगंबरांनी (स.) हे अश्रू म्हणजे करुणा असल्याचे सांगितले. कुणाच्या घरी मयत झाली की हजरत आयेशा (र.) जवाच्या पिठाची पातळ खीर, तलबीना, शिजवून घेत आणि घरच्या बायकांना खायला लावत. ती आजाऱ्याच्या मनाला आराम देते आणि दुःख थोडे हलके करते, असे पैगंबरांकडून (स.) ऐकल्याचे त्या सांगत. शोकाकुल माणसाच्या पोटात काही गरम जावे, ही काळजी मनाचीही होती आणि शरीराचीही.

आजचे वैद्यकशास्त्र याची कारणे सांगते. भीती, राग किंवा काळजीने मन ग्रासले की मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात सोडतात. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, साखर वाढते, पचन मंदावते. संकट समोर असताना हे उपयोगाचेच असते. पण काळजी महिनोन्महिने उतरली नाही, तर शरीर सतत पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायासारखे थकते. झोप बिघडते, मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात राहत नाहीत, रोगाशी लढण्याची ताकद घटते.

अमेरिकेत झालेला आणि 1995 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासंदर्भात लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी सेवा करणाऱ्या 13 स्त्रिया आणि त्याच वयाच्या, असा भार नसलेल्या 13 स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम करण्यात आली. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. जपानमध्ये 1990 च्या सुमारास डॉक्टरांनी हृदयाचा एक विकार नोंदवला. मोठा धक्का बसल्यावर हृदयाचा एक भाग अचानक फुगतो आणि दुबळा होतो, लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखी असतात. पण रक्तवाहिनी बंद झालेली नसते. हा विकार पाळी गेलेल्या स्त्रियांत अधिक दिसतो. ‘दुःखाने काळीज फुटले’ ही म्हण उगाच पडलेली नाही.

अर्थात प्रत्येक दुखणे मनातूनच येते, असा उलटा निष्कर्षही घातक आहे. छातीत दुखले तर आधी हृदयाचीच तपासणी करायची. ‘तिला काही झालेले नाही, टेन्शन घेते’ असे म्हणून बाईला घरी बसवणे हाही अन्यायच. मन आणि शरीर एकाच घरातली दोन माणसे आहेत. एकाची चौकशी करताना दुसऱ्याला विसरू नये, एवढेच.

ही दृष्टी मुस्लिम समाजाला नवी नाही. आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख येथे नवव्या शतकात जन्मलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर मिळून एकच ग्रंथ लिहिला. वैद्य केवळ शरीराकडे पाहतात, ही त्यांची तक्रार होती. उदासी दोन प्रकारची असते, असे त्यांनी लिहून ठेवले. एका उदासीचे कारण माणसाला ठाऊक असते. दुसरीचे कारण सांगता येत नाही, तिचे मूळ शरीरात असते आणि तिच्यावर शरीराचाही उपचार करावा लागतो. अचानक दुखणे उद्भवले तर हाताशी असावे म्हणून आपण घरात औषध ठेवतो. तसेच मन भडकेल किंवा खचेल त्या वेळेसाठी चांगले विचार आधीच साठवून ठेवावेत, हा त्यांचा सल्ला. अल-बल्खी 934 साली वारले. हजार वर्षांहून अधिक काळ लोटला आणि आपण मात्र मानसोपचाराचे नाव काढले की दार लावून बोलतो.

रमजान हा तो विचारांचा साठा करण्याचा महिना आहे. रोजेदाराशी कुणी भांडायला आले तर ‘माझा रोजा आहे’ एवढेच म्हणावे, अशी शिकवण आहे. राग आला आणि उभे असाल तर बसा, तरीही ओसरला नाही तर आडवे व्हा, असेही सांगितले आहे. शरीराची ठेवण बदलली की मनाचा आवेग उतरतो, हे त्यामागचे साधे शहाणपण. इफ्तारला सगळ्यांनी मिळून बसणे, तरावीहला खांद्याला खांदा लावून उभे राहणे, यातून एकटेपणाची गाठ सैल होते. पण दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी स्वयंपाकघरात घामाघूम झालेल्या सुनेवर मिठावरून ओरडलो, तर आपण फक्त पोटाचा रोजा ठेवला. आणि तिच्या रक्तदाबात आपलाही वाटा आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. नैराश्य, चिंता किंवा अन्य मानसिक आजारांची औषधे घेणारे अनेक जण रमजानमध्ये गोळ्या परस्पर बंद करतात किंवा वेळा बदलतात. रोजाच बरे करील, असे घरचेही सांगतात. हे करू नका. काही गोळ्या अचानक थांबवल्या तर आजार दुपटीने उलटतो. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी झाले तर औषधाचे रक्तातील प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनने दिली आहे आणि तेथे शरीराचा आजार व मनाचा आजार असा भेद केलेला नाही. डॉक्टरांना विचारा, आलिमांनाही विचारा. रोज रोजा आणि रात्रभर नमाज करणाऱ्या एका सहकाऱ्याला पैगंबरांनी (स.) थांबवले होते आणि तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे, असे बजावले होते. दुआ आणि दवा यांत भांडण नाही. अल्लाहने ज्याचा इलाज ठेवला नाही असा आजार नाही, हीच आपली श्रद्धा आहे; मग इलाज शोधण्यात लाज कसली? सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेत 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते, मराठीतही.

आमच्या खाला आता औषध घेतात. पाच वक्त नमाज पढतात आणि मुलाचे नाव घेऊन रडतातही. पाठ अजून अधूनमधून दुखते. पण झोप लागते. आज इफ्तारला खजूर पुढे करताना शेजारी बसलेल्याला तब्येतीबरोबर आणखी एक गोष्ट विचारा. दिल कैसा है? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.