गाडी एकच, नावे दोन : हायब्रीड घेण्यापूर्वी वहीत हिशेब मांडा

'हायब्रीड' हा शब्द आपल्या भागाला नवीन नाही. पूर्वी तो ज्वारीला लागत असे. हायब्रीड ज्वारीचे पीक भरघोस यायचे, पण भाकरीला शाळूची चव नाही, अशी तक्रार घरोघरी असायची. आता तोच शब्द मोटारीला लागला आहे, आणि हातकणंगले, इचलकरंजी, हुपरी, पेठ वडगावच्या व्यापारी बांधवांत एकच चर्चा ऐकू येते : मारुतीची ग्रँड विटारा घ्यावी की टोयोटाची हायरायडर? आमच्या घरातही हा वाद चालू आहे. थोरला मुलगा हायरायडर म्हणतो, जावई ग्रँड विटारा म्हणतात. दोघांना जे सांगितले तेच येथे लिहितो.

पहिली गोष्ट, हा वादच मुळी फारसा खरा नाही. दोन्ही गाड्या २०२२ साली बाजारात आल्या. सुझुकी आणि टोयोटा या दोन जपानी कंपन्यांनी आपसांत करार करून त्या काढल्या आणि बंगळूरजवळच्या बिडदी येथील टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात त्या तयार होऊ लागल्या. दोहोंच्या हायब्रीड प्रकारात इंजिन तेच, दीड लिटरचे, तीन सिलिंडरचे. कंपनीने जाहीर केलेले मायलेजही एकच, लिटरला २७.९७ किलोमीटर. बॅटरीची हमीही दोघांची ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. एकाच मागावरच्या कापडाला दोन छाप मारावेत, तसा हा प्रकार आहे. फरक राहतो तो तोंडवळ्याचा, त्या दिवशीच्या भावाचा आणि दुरुस्तीच्या सोयीचा. मारुतीची वर्कशॉप गावोगावी आहेत, टोयोटाची त्या मानाने कमी. ज्याचे वर्कशॉप जवळ आणि ज्याची सूट जास्त, ती घ्यावी.

खरा प्रश्न निराळा आहे. हायब्रीड घ्यावी की याच गाडीचा साधा पेट्रोल प्रकार?

हायब्रीडमध्ये पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटार असते. गाडी हळू चालते तेव्हा पुष्कळदा विजेवरच चालते. ब्रेक मारला की वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत जाते. घरी चार्जिंग करावे लागत नाही. म्हणून इचलकरंजीच्या किंवा कोल्हापूरच्या गर्दीत तिची बचत उठून दिसते, मोकळ्या हायवेवर तेवढी नाही. मात्र बॅटरी मागे बसवल्याने डिकीतली जागा कमी होते. लग्नाला सामानासह जाणाऱ्या कुटुंबाने हे आधी पाहावे. बसायची जागाही पाचच जणांची.

आता हिशेब. कंपनीचा आकडा बाजूला ठेवा. साधी गाडी लिटरला १४ आणि हायब्रीड २२ किलोमीटर देते असे धरा. पेट्रोल १०५ रुपये धरा. महिन्याला १,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे सुमारे २६ लिटर पेट्रोल वाचेल, म्हणजे २,७०० रुपये; वर्षाला साधारण ३२,७००. दोन्ही प्रकारांच्या किमतीत तीन लाखांचा फरक धरला, तर तो भरून निघायला नऊ वर्षे लागतात. महिन्याला २,००० किलोमीटर फिरणाऱ्याला साडेचार वर्षे. आणि ज्याची गाडी घर, दुकान आणि जुम्म्याची नमाज एवढीच फिरते, महिन्याला ५०० किलोमीटर, त्याला अठरा वर्षे! तोवर बॅटरीची हमी कधीच संपलेली असेल.

हे झाले रोखीचे. कर्ज काढले तर? वरचे तीन लाख नऊ टक्क्यांनी घेतले, तर पहिल्याच वर्षी सुमारे २५ हजार व्याज जाते. म्हणजे १,००० किलोमीटरवाल्याची त्या वर्षीची बरीचशी बचत बँकेच्या खात्यात. व्याजाची मनाई आपण सगळे जाणतो. 'पण बचत होते ना' म्हणून मनाची समजूत घालतो. वहीवर मांडले की ती बचतही फारशी दिसत नाही. दीन आणि हिशेब येथे एकच गोष्ट सांगतात.

काही बांधव म्हणतात, गाडी दुकानाच्या नावावर घ्या, जीएसटी परत मिळेल. हा गैरसमज आहे. तेरा माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर भरलेला कर सर्वसाधारण व्यापाऱ्याला वजा करून मिळत नाही. तो गाड्यांचा धंदा करणारे, प्रवासी वाहतूकवाले व ड्रायव्हिंग स्कूलवाले यांनाच मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, हायब्रीड असली तरीही. चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर तो १८ टक्के आहे. लहान कुटुंबाने हा फरक जरूर लक्षात घ्यावा.

कापडवाल्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. ईदच्या सीझनआधी हातात तीन लाख रोख असले, तर माल घेताना भाव आपण सांगतो. नसले तर उधारीवर समोरचा सांगेल तो भाव. तेच तीन लाख वर्षात दोनतीनदा फिरतात. भांडवल मोडून दारात गाडी उभी करणारे आणि पुढच्या सीझनला व्यापाऱ्यांकडे मुदत मागत फिरणारे मी पाहिले आहेत. जकातीचेही ध्यानात ठेवावे : घरच्या वापराच्या गाडीवर जकात नाही, पण तिच्यासाठी साठवलेली रोकड निसाबाइतकी होऊन वर्षभर राहिली, तर त्यावर आहे.

तात्पर्य, ज्याचे फिरणे महिन्याला दीडदोन हजार किलोमीटरचे, तेही गर्दीतले, आणि ज्याच्याकडे धंद्याला हात न लावता रोख पैसा आहे, त्याने हायब्रीड खुशाल घ्यावी, दोहोंपैकी कोणतीही. बाकीच्यांनी साधी गाडी किंवा चांगली वापरलेली गाडी घ्यावी, आणि अम्मी-अब्बांना मिरजेच्या दवाखान्यात आरामात नेता येते याचे शुक्र करावे. आमच्या मुलाला मी तीन महिने किलोमीटर लिहून ठेवायला सांगितले आहे. वही भरली की बोलू.