टोपलीभर फळांचे मोल

चित्रकलेच्या तासाला गुरुजी टेबलावर एक कापड पसरतात, त्यावर पितळी तांब्या ठेवतात आणि तांब्याशेजारी दोन पेरू मांडतात. ‘आज स्थिरचित्र काढावयाचे,’ असे त्यांनी म्हणताच वर्गातील कित्येकांचे चेहरे उतरतात. कोणाला रायगडावरील राज्याभिषेक रंगवावयाचा असतो, तर कोणाला वादळात सापडलेले गलबत. अशा वेळी पेरूसारखी क्षुल्लक वस्तू पुढे आली म्हणजे हिरमोड होणे स्वाभाविकच आहे. पेरू खावा, त्याचे चित्र कशाला काढावे, असा प्रश्न त्यांना पडतो.

हे मत केवळ मुलांचेच आहे असे नाही. एके काळी मोठमोठ्या विद्वानांनाही तसेच वाटत असे. फ्रान्समध्ये राजाश्रयाने चालणारी एक चित्रकला अकादमी होती. तेथील व्याख्यानांच्या प्रस्तावनेत आंद्रे फेलिबियाँ या लेखकाने १६६७ साली चित्रविषयांची उतरंड मांडली. इतिहासातील व पुराणातील थोर प्रसंग रंगविणारा चित्रकार सर्वांत श्रेष्ठ. त्याच्या खाली माणसांची चित्रे काढणारा. त्याच्या खाली जनावरे आणि निसर्गदृश्ये रंगविणारे. आणि फळे, फुले व शिंपले रंगविणारा सर्वांच्या तळाशी! विषय जितका मोठा तितके चित्र मोठे, असा हा हिशेब होता. हा हिशेब वरवर पाहता पटण्यासारखा आहे. परंतु तो खरा नाही.

याच अकादमीत १७२८ साली झाँ सिमेआँ शार्दाँ या तरुण चित्रकाराला प्रवेश मिळाला. तो पॅरिसमधील एका सुताराचा मुलगा. जनावरे आणि फळे रंगविणारा चित्रकार अशी त्याची नोंद झाली; म्हणजे मानाच्या पंक्तीत त्याचे पान अगदी शेवटी मांडले गेले. शार्दाँने त्याबद्दल खंत करीत बसण्याऐवजी आपले काम चालू ठेवले. पाण्याचा पेला, तांब्याचे भांडे, चार पीच, मूठभर चेरी, असल्या वस्तू तो समोर मांडी आणि त्यांच्याकडे पुनःपुन्हा पाहत सावकाश चित्र रंगवी.

१७६१ साली त्याने प्रदर्शनात ठेवलेले ‘रानटी स्ट्रॉबेरींची टोपली’ हे तैलचित्र पाहण्यासारखे आहे. त्याची उंची ३८ सेंटिमीटर आणि रुंदी ४६ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक हात. वेताच्या टोपलीत लाल फळांची रास शिगेपर्यंत रचलेली आहे. जवळ पाण्याचा पेला, एक पीच, दोन चेरी आणि दोन पांढरी फुले आहेत. एवढाच काय तो सारा संसार! परंतु त्या दोन पांढऱ्या फुलांमुळे रासेचा लाल रंग अधिकच खुलतो, आणि पेल्यातील स्वच्छ पाण्याकडे पाहून डोळ्यांना गारवा वाटतो. प्रत्येक फळ मोजूनमापून रंगविलेले नाही. तरीही सारी रास रसाने भरलेली आणि आताच खुडून आणल्यासारखी दिसते.

१७६३ सालचे त्याचे दुसरे चित्र जेवणानंतरच्या मिष्टान्नाचे आहे. ब्रिओश हा लोणी व अंडी घालून भाजलेला पावासारखा पदार्थ. शार्दाँच्या चित्रात त्याच्या माथ्यावर नारिंगाच्या फुलांची डहाळी खोवलेली आहे, आणि सभोवती साखरदाणी व फळे मांडली आहेत. चित्रात एकही माणूस नाही. तरीसुद्धा घरात काही आनंदाचा प्रसंग आहे आणि कोणाची तरी वाट पाहिली जात आहे, असे पाहणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही.

हे साधण्यास तैलरंगांचे साहाय्य होते. रंगाची बारीक पूड जवसाच्या तेलात घोटून हे रंग तयार करतात. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील ऑक्सिजन शोषून ते हळूहळू घट्ट होत जाते. त्यामुळे रंग पुष्कळ वेळ ओला राहतो, आणि फळाची उजेडाकडील बाजू सावलीकडील बाजूत अलगद मिसळता येते. खालचा थर वाळला म्हणजे त्यावर पातळ, पारदर्शक थर देता येतो. त्या थरातून उजेड आत शिरून परत बाहेर येतो. म्हणून पिकल्या फळाची सखोल लाली तैलचित्रात उतरते. मात्र रंग सावकाश वाळत असला तरी फळ थांबत नाही! चार दिवसांत पीच सुरकुततो, चेरी काळवंडते. अशा कामास लहान फलक सोयीचा पडतो, आणि चित्रकारालाही नेमके कोठे पाहावयाचे हे लवकर ठरवावे लागते.

तैलरंगांचा दुसराही एक गुण आहे. ते जाड थापता येतात. अमेरिकेतील वेन टीबो (१९२०–२०२१) या चित्रकाराने दुकानाच्या काचेआड मांडलेले केक रंगविले. केकवर साय पसरावी तसा त्याने फलकावर रंग पसरला. रोज दिसणाऱ्या आणि म्हणूनच कोणी नीट न पाहिलेल्या त्या केकांकडे लोक थांबून पाहू लागले.

आज छायाचित्र एका क्षणात निघते, मग इतके कष्ट कशासाठी, असे कोणी म्हणेल. छायाचित्राची योग्यता कमी नाही. परंतु चित्र काढणाऱ्याला प्रत्येक रेषेसाठी वस्तूकडे पुन्हा वळून पाहावे लागते. काय ठेवावे आणि काय गाळावे, याचा निर्णय पदोपदी करावा लागतो. या अभ्यासाने दृष्टी तयार होते. ज्याला पेल्याच्या काचेवरील उजेड नीट पाहता आला नाही, त्याला राज्याभिषेकाच्या चित्रातील सुवर्णकलशावरचा उजेड तरी कसा दाखविता येईल? शासकीय रेखाकला परीक्षांत स्थिरचित्र हा विषय ठेवलेला असतो, तो याचसाठी.

याचा अर्थ फळांचे प्रत्येक चित्र चांगले आणि इतिहासाचे प्रत्येक चित्र वाईट, असा मुळीच नाही. मन न लावता काढलेला पेरू निर्जीवच होतो, आणि थोर प्रसंगांची थोर चित्रेही जगात पुष्कळ आहेत. सांगावयाचे एवढेच की, चित्राची उंची विषयावरून ठरत नाही; पाहणाऱ्याने किती आस्थेने पाहिले यावरून ती ठरते.

शार्दाँची ती स्ट्रॉबेरीची टोपली २०२२ साली पॅरिसमध्ये दोन कोटींहून अधिक युरोंना लिलावात विकली गेली. ती देशाबाहेर जाऊ नये म्हणून फ्रान्सच्या सरकारने तिला राष्ट्रीय ठेवा ठरविले. लूव्र संग्रहालयाने लोकांना मदतीचे आवाहन केले, तेव्हा हजारो सामान्य नागरिकांनी यथाशक्ति वर्गणी दिली, आणि २०२४ साली ते चित्र संग्रहालयात कायमचे आले. अकादमीच्या उतरंडीत जिला तळाची जागा मिळाली होती, त्या टोपलीसाठी लोकांनी आपल्या खिशातून पैसे काढले, ही गोष्ट किमतीच्या आकड्याहूनही मोठी आहे.

तेव्हा चित्रकलेच्या तासाला तांब्याशेजारी दोन पेरू दिसले, तर विद्यार्थ्याने तोंड फिरवू नये. खिडकीकडील पेरूवर पिवळसर उजेड असतो, पलीकडच्या बाजूस हिरवट सावली असते, आणि तांब्याच्या पोटात दोन्ही पेरूंचे लहानसे, वाकडे प्रतिबिंब पडलेले असते. ते ज्याला दिसले, त्याचे निम्मे चित्र कुंचला हाती घेण्यापूर्वीच तयार झाले असे समजावे.