केवडा

वर्षभर या सदरात मी शब्दांच्या खोड्या काढीत असतो. दिवाळीला मात्र फराळाचे ताट पुढे ठेवून वाचकांशी थोडे घरचे बोलावे, असा आमचा रिवाज आहे. तेव्हा यंदा एका झाडाविषयी आणि ओघाने माझ्या एका चुकीविषयी सांगतो.

आमच्या सौ.चे माहेर कुडाळकडचे. सोलापुरात आम्ही घर बांधले तेव्हा सासूबाईंनी आपल्या परसातल्या सोनचाफ्याचे कलम मुद्दाम बांधून घेऊन दिले. एस.टी.च्या प्रवासात सौ.ने ते लेकरासारखे मांडीवर धरून आणले. पुढच्याच वर्षी सासूबाई गेल्या. तेव्हापासून अंगणातले ते झाड नुसते झाड राहिले नाही.

दोन वर्षे त्याने बाळसे धरले. तिसऱ्या वर्षी नवी पालवी आली ती पिवळी. मी म्हटले, उपाशी असेल. शेणखत घातले, मूठभर युरिया टाकला. पालवी आणखी पिवळी. कोणी सांगितले म्हणून सुपर फॉस्फेट दिले. कोणी म्हणाले लोह कमी आहे, म्हणून आळ्यात गंजके खिळे पुरले. बोअरचे पाणी सकाळ-संध्याकाळ सोडू लागलो. आता नवी पाने पांढुरकी येऊ लागली, त्यांच्या कडा करपल्या, दोन फांद्या शेंड्याकडून वाळल्या. शेजारी म्हणाले, “कोकणातलं झाड घाटावर जगायचं नाही. काढा ते आणि सरळ अशोक लावा.” सौ. काही बोलली नाही. फक्त सकाळी फुले काढताना त्या कोपऱ्याकडे जायची बंद झाली. ते मला शेजाऱ्यांच्या सल्ल्यापेक्षा जास्त लागले.

अशा वेळी द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी उशिरा राहिलेला निबंध द्यायला घरी आला. शेवटच्या बाकावरचा, अबोल मुलगा. त्याच्या आधीच्या निबंधावर मी लाल शाईने शेरा मारला होता, ‘वाचन नाही, ग्रहण नाही.’ निबंध हातात देऊन तो जाईना, झाडापाशीच घुटमळला.

“सर, ह्याला केवडा पडलाय की.”

मी मराठीचा प्राध्यापक! केवडा म्हणताच मला सुगंध आठवला. पण त्याच्या घरी द्राक्षबाग. उसाचे, द्राक्षाचे पान असे केवड्यासारखे फिके पडले की आमच्याकडचा शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतो, हे शब्दांवर सदर चालवणाऱ्या मला ठाऊक नव्हते.

त्याने शेंड्याचे एक पान तोडले आणि खालचे एक. दोन्ही माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, “आधी कुठलं पान पिवळं झालं, ते बघायचं, सर.” मग त्याने मला जो पाठ दिला तो असा. नत्र कमी पडले तर जुने पान आधी पिवळे होते, आणि सगळेच्या सगळे. कारण झाड जुन्या पानातले नत्र काढून नव्याला देते. मॅग्नेशियम कमी पडले तरी खोड जुन्याच पानाला, पण तिथे शिरांमधला भाग पिवळा होऊन देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो. पालाश कमी असेल तर जुन्या पानाच्या कडा करपतात. जस्त कमी असेल तर नवी पाने बारीक आणि दाटीवाटीने येतात. लोहाचे मात्र उलटे. झाडाला ते जुन्या पानातून हलवता येत नाही, म्हणून नवे पान पिवळे आणि त्यावर शिरांची हिरवी जाळी. सदाहरित झाडाचीसुद्धा काही जुनी पाने पिवळी होऊन गळतातच. त्याला घाबरू नये.

“मग लोह कमी आहे हे बरोबर! मी खिळे पुरलेत,” मी म्हणालो.

तो हसला. “लोखंड मातीत रग्गड हाय, सर. मुळाला गावंना झालंय.”

त्याने आळ्यातला एक पांढरा खडा चुरला, सौ.कडून लिंबाची फोड मागून घेतली आणि वर पिळली. बारीक फसफस झाली. चुनखडी! कोकणातली जांभ्याची माती आंबट. तिथे लोह मुळाला सहज मिळते. आमच्या चुनखडीच्या जमिनीत ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसते. त्यात घर बांधतानाचा सिमेंट-चुन्याचा राडारोडा तिथेच पुरलेला, बोअरचे पाणी जड, जादा पाण्याने मुळांचा श्वास कोंडलेला, आणि फॉस्फेटने उरलेसुरले लोहही अडवलेले. माझा एकेक उपचार म्हणजे आजाराचाच खुराक होता.

माती तपासून घेतली, सामू ८.२ निघाला आणि मुक्त चुना भरपूर. मग एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड असे द्रावण करून, आधी एका फांदीवर पाहून, संध्याकाळच्या वेळी नव्या पानांवर फवारले. पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा. पण ही वरवरची मलमपट्टी. पुढची पालवी पुन्हा पिवळी येते. म्हणून राडारोडा उपसला, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा घातला, पाणी कमी केले, पावसाचे पाणी पिंपात साठवून तेच दिले. मुळाशी चिलेट केलेले लोह घातले. दुकानात स्वस्त मिळते ते ईडीटीए चुनखडीत टिकत नाही. ईडीडीएचए महाग, पण टिकते. नुसता हिराकस अशा मातीत टाकला तर तोही लवकरच अडकून पडतो. आणि गुण आला की नाही, हे पांढऱ्या पडलेल्या जुन्या पानांवरून ठरवू नये. नव्या पालवीकडे पाहावे.

त्या रात्री त्या मुलाचा नवा निबंध वाचायला घेतला. विषय मीच दिलेला, ‘माझे आवडते पुस्तक’. त्याने गारपिटीत गेलेल्या बागेविषयी लिहिले होते. विषय सोडलेला, शुद्धलेखन यथातथाच. पण गारा थांबल्यावर बाप बागेत न जाता ओसरीवर बसून राहिला, ते एक वाक्य वाचून मी चष्मा काढला. त्याच्यात काही नव्हते असे नाही. माझ्या आळ्यात त्याला ते घेता येत नव्हते. जुना निबंध मागवून शेरा खोडला आणि शेजारी लिहिले, ‘घरी येऊन बोलावे.’ आता तो दर रविवारी येतो. मी त्याचे ऱ्हस्व-दीर्घ पाहतो, तो माझी झाडे.

दोन वर्षे गेली. या पावसाळ्यात चाफ्याला पहिले फूल आले. सौ.ने ते स्वतः काढले, आईच्या तसबिरीपुढे ठेवले आणि मला म्हणाली, “अहो, त्या मुलाला दिवाळीला जेवायला बोलवा.”

बोलावले आहे. वाचकांनाही आग्रहाचे निमंत्रण. येताना आपल्या झाडाची दोन पाने आणावीत. एक शेंड्याचे, एक खालचे.