पाच गावं, एक दिवस!

मंडळी, परवा भाच्याचा फोन आला. इटलीला निघालाय. "मामा, चिंक्वे तेर्रे एका दिवसात उरकतं ना? आणि तिथली ट्रेन म्हणे पर्यटकांना लुटते!" 'उरकतं' ऐकूनच माझं डोकं फिरलं. फोनवर गप्प बसलो, इथे बोलतो.

हे पाप मी स्वतः केलंय. २०१८ साली मुलाकडे गेलो होतो, तेव्हा ला स्पेझियाहून सकाळी गाडी धरली. रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निल्या, वेर्नात्सा, मोन्तेरोस्सो. दोन गावांमध्ये चार-पाच मिनिटं, तीही बहुतेक बोगद्यात. समुद्र दिसला की सगळे दाराकडे! कोर्निल्याला माझ्याच वयाच्या एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन उतरायला आल्या. आम्ही दारात फोटो काढत होतो. गाडी सुटली, बाई आतच. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं पाहिलं. लोकलचं दार अडवणाऱ्यांवर मी जन्मभर ओरडलो, आणि इथे दार अडवणारा मीच!

आता भाड्याचं. २०२४ पासून गर्दीच्या दिवशी पर्यटकांना एकेरी तिकीट जास्त महाग पडतं, तिथल्या रहिवाशांना सवलत असते. यात लूट कसली? ती गाडी मुळात त्यांची आहे, आपण पाहुणे. शिवाय तो डोंगर दगडी बांधांवर उभा आहे. चुना-सिमेंट न वापरता रचलेले बांध, त्यांवर द्राक्षमळे. शेती सुटली की बांध ढासळतात, पाठोपाठ डोंगर. २५ ऑक्टोबर २०११ च्या पावसात वेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सोत चिखलाचे लोंढे घुसले. २०१२ मध्ये दरड कोसळून बंद झालेली 'प्रेमाची वाट' पुरती खुली व्हायला २०२४ उजाडलं. हे सगळं राखायला पैसा लागतो.

कोणी म्हणेल, मास्तर, मग गरिबाने जायचंच नाही का? जरूर जावं! पण पाचांचा हट्ट कशाला? एक-दोन गावं निवडा, जमल्यास रात्री मुक्काम करा. संध्याकाळी गर्दी ओसरते, तेव्हा गाव गावासारखं दिसतं. बरीच ये-जा करणार असाल तर गाडी आणि पायवाटा दोन्ही चालतील असं दिवसाचं कार्ड घ्या. पाय धड असतील तर मानारोलाहून वोलास्त्रामार्गे कोर्निल्याला मळ्यांतून चालत जा, मात्र चपला घालून नको. तिथे त्याला दंड आहे, आणि योग्यच आहे. गुडघे माझ्यासारखे असतील तर कोर्निल्या स्टेशनच्या पावणेचारशेच्या वर पायऱ्या सोडून छोटी बस धरा. बोटीच्या भरवशावर राहू नका, कोर्निल्याला बोट लागतच नाही.

असो. भाच्या, हे वाचशीलच. तिकीट काढ, कुरकुर करू नकोस. आणि दारात उभा राहू नकोस.