पोवळं मिटतं तेव्हा

पोवळं म्हटलं की आपल्याला आधी आठवते ती आजीच्या गळ्यातली माळ, नाहीतर मंगळाची अंगठी. ते लाल पोवळं आपल्या समुद्रातलं नव्हे, भूमध्य समुद्रातलं. अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी ते लिस्बनमार्गे गोव्याला पाठवत आणि त्याच्या बदल्यात हिरे नेत. गोव्याच्या बाजूने हा व्यवहार सांभाळणाऱ्यांत आपले सारस्वत व्यापारीही होते. म्हणजे पोवळ्याशी आपलं नातं जुनंच. गंमत अशी, की प्राणिशास्त्राच्या हिशेबात हे लाल पोवळं दगडी प्रवाळांपेक्षा मऊ प्रवाळांना जवळचं आहे, कारण दोघांच्याही प्रत्येक जिवाला आठ भुजा असतात. हल्ली पणजी-मडगावच्या फ्लॅटांत खाऱ्या पाण्याच्या टाकीत जे 'सॉफ्ट कोरल' डोलताना दिसतं, ते आजीच्या माळेचं चुलत भावंड म्हणायला हरकत नाही.

माझ्याकडे अशी टाकी गेली नऊ वर्षं आहे. हे सांगायचं कारण एवढंच, की त्यामुळे ऑफिसातले, ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे मला फोन करतात. प्रश्न ठरलेला. "कोरल मिटलंय, कुठलं औषध घालू?" माझं मत असं, की हा प्रश्नच चुकीचा आहे. मऊ प्रवाळ आजारी दिसतं तेव्हा बहुतेक वेळा आजारी असतं ते पाणी, आणि कधी कधी तर कोणीच आजारी नसतं.

आमच्या खात्यातल्या एका हेडक्लार्कांचंच उदाहरण घ्या. त्यांच्याकडे 'टोडस्टूल लेदर' नावाचं प्रवाळ आहे. दिसायला थेट आपल्या पावसाळ्यातल्या वारुळावरच्या अळम्यासारखं. एके दिवशी ते मिटलं, भुजा आत गेल्या आणि वर मेणासारखा चकचकीत पापुद्रा आला. साहेब घाबरले. दुकानदार म्हणाला, "बाब, हें वखद घालून पळयात." आधी आयोडीन झालं, मग कोरलचं खाणं, मग जीवनसत्त्वांची बाटली. सहाव्या दिवशी मला फोन. मी जाऊन पाहिलं तर ते बिचारं कात टाकत होतं! हे प्रवाळ अधूनमधून वरची त्वचा सोडतं. त्याला काही दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. त्याला हवा असतो फक्त पाण्याचा जरा जोराचा झोत, पापुद्रा वाहून जाण्यापुरता. पंपाचं तोंड फिरवलं, नवव्या दिवशी ते फुललं. पण बाटल्यांतल्या खाण्याने पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट चढलं, दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ माजलं, आणि ते निस्तरायला दोन महिने गेले. रोग नव्हता, औषधाचा त्रास मात्र खरा होता.

मी कारकून माणूस. फाईलवर टिपण नसेल तर निर्णय होत नाही, हे माझ्या हाडात भिनलंय. तेव्हा माझा पहिला सल्ला वहीचा. तपमान, क्षारता, अल्कलिनिटी, नायट्रेट आणि फॉस्फेट आठवड्यातून एकदा मोजून तारखेसकट लिहा. क्षारता हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. तपमान २४ ते २७ अंश. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच. अमोनिया शून्यच हवा. नायट्रेट मात्र शून्य नको, आणि इथे पुष्कळ जण फसतात. पाणी 'काचेसारखं स्वच्छ' करण्याच्या नादात मऊ प्रवाळांची उपासमार होते, ती फिकी पडतात, आक्रसतात. ५ ते १० पीपीएम नायट्रेट त्यांना मानवतं. आणि आकडा चुकीचा निघाला तरी तो एका दिवसात सरळ करायला जाऊ नका. आकड्यापेक्षा आकड्याची उडी जास्त मारते.

क्षारतेबद्दल जरा सविस्तर, कारण आपण गोंयकार. समुद्र दाराशी आहे तर मीठ विकत कशाला, हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतो. मिरामारला बादली बुडवण्याआधी एवढं लक्षात घ्या, की तिथे मांडवी समुद्राला मिळते. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी एवढं येतं की खारेपणा पार उतरतो, आणि सोबत गाळ, बोटींचं तेल, शहराची घाण. दुसरा प्रश्न मिठागराच्या मिठाचा. नेरूळचं किंवा आगरवाड्याचं मीठ सुंगटांच्या हुमणात घालायला उत्तम, टाकीत नाही. आगरात पाणी आटतं तेव्हा आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मग आपलं मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम उरतं त्या कडू पाण्यात. म्हणजे हाती येतं ते समुद्रातून नेमकं प्रवाळाला हवं ते वगळलेलं मीठ. तेव्हा प्रवाळासाठीचं तयार मीठ आणि आरओ-डीआयचं पाणी, याला पर्याय नाही. विहिरीच्या पाण्याचाही मोह नको. आपल्या जांभ्या दगडातून पाण्यात लोह उतरतं.

बाष्पीभवनाने पाणी जातं, मीठ जात नाही, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची. ज्याने खाऱ्या पाण्याने भर घातली त्याची क्षारता महिन्याभरात कुठे जाते, ते वहीत दिसेलच. मोजायचा रिफ्रॅक्टोमीटरही हजारी ३५ च्या द्रावणाने ताडून घ्यावा. स्वस्तातले हळूहळू खोटं बोलायला लागतात.

मग तपमान. मे महिन्यात बंद फ्लॅटमधली टाकी ३१ अंशांवर सहज जाते, आणि वीज गेली की पंपही बंद, प्राणवायूही कमी. प्रवाळाच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवते. उष्णता वाढली की प्रवाळ तिला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या खडकांवर मोठ्या प्रमाणावर हेच झालं. तिथे समुद्र थंड करणं आपल्या हातात नव्हतं, टाकी आहे. पाण्यावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण आपल्या दमट हवेत, विशेषतः जूनमध्ये, त्याचा जोर कमी पडतो. म्हणून माझं स्पष्ट मत, चिलर आणि पंपापुरता इन्व्हर्टर परवडत नसेल तर गोव्यात ही टाकी ठेवू नये. गप्पी मासे पाळावेत, तेही गोड असतात.

एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. ही मऊ दिसणारी मंडळी आपसात विषाने भांडतात. लेदर जातीची प्रवाळं पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्याची वाढ रोखतात. तेव्हा एकच कोपरा रुसलेला दिसला तर तिथे शेजारी कोण आहे ते पाहा. अंतर ठेवा, ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला आणि तो महिन्याने बदला. बाकी नेहमीचे संशयित म्हणजे एकदम वाढवलेला प्रकाश आणि माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी घातलेलं तांब्याचं औषध. हे तांबं प्रवाळांना सरळ मारतं. झेनिया मात्र सगळं ठीक असतानाही कधी एका रात्रीत विरघळतं. का, ते विचारू नका.

सडणं मात्र खरं रोगाचं लक्षण. भाग काळपट, बुळबुळीत झाला, वास मारू लागला, की थांबू नये. धारदार पात्याने निरोगी भागापर्यंत कापायचं, आणि चांगला तुकडा दगडाला बांधून झोत बेताचा असेल तिथे ठेवायचा. काही आठवड्यांत तो धरतो. आंब्याचं कलम करणाऱ्यांना हे नवीन नाही. झोअँथिडच्या बाबतीत मात्र हातमोजे आणि चष्मा घालूनच. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. त्यांचे दगड उकळून किंवा गरम पाण्याने घासून साफ करताना घरातली माणसं वाफेने इस्पितळात पोहोचल्याच्या घटना परदेशात घडलेल्या आहेत.

आणि शेवटी कायदा, कारण पगार सरकारचा खातो. सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. दुकानात 'फक्त तुमच्यासाठी' म्हणून असा तुकडा पुढे आला तर परत ठेवा, आणि मऊ प्रवाळ घेतानाही ते कुठून आलं, कागद आहेत का, हे विचारा. ग्रांदे बेटाजवळ डायव्हिंगला जाणारे तिथलं जिवंत प्रवाळ पाहून येतात, खुशाल पाहावं. त्यातला तुकडा पिशवीत घालून घरी आणणाऱ्याने मात्र तो मिटला म्हणून मला फोन करू नये.